बिल्किसखालांनी दिलेल्या वेळा

१० जानेवारी, शुक्रवार

आज सातवं घर पाहिलं आणि पहिल्यांदाच आम्हा दोघांनाही एकदम आवडलं. समुद्रात भराव टाकून केलेली वसाहत आहे, तिथल्या शेवटच्या ओळीतलं शेवटचं बैठं घर. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, वर गच्ची. मागे कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्रातून आत घेतलेला कालवा. परदेशी माणसाच्या नावावर घर होऊ शकतं अशा जागा इथे बहरीनमध्ये मोजक्याच, त्यातली ही आपल्या आवाक्यातली.

घर बिल्किसखालांचं. त्या रत्नागिरीकडच्या. नवरा महमूद बाब अल बहरीनला कापडाच्या दुकानात होते, दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा झुबेर कॅनडात असतो. विकायची घाई त्यालाच आहे, आईला तिकडे न्यायचंय. मी मराठीत बोलले तर खालांनी माझा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. "किती दिसांनी या घरात कोन मराठी बोललं गो बाय."

एजंट अर्सलानने अकराची वेळ दिली होती. खालांनी ती बदलून दहाची केली, आणि दहाला फाटकातच उभ्या होत्या.

आमच्या लेकीने, उपूने, आपली खोली निवडूनही टाकली. "धिस वन इज माइन," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. परतताना धम्मदीप गाडीच्या आरशात ते घर बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा जलमभर पारसच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधी राह्यले. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी चावी द्या लागली." एवढंच.

१३ जानेवारी, सोमवार, पौर्णिमा

संध्याकाळी बुद्धवंदना घेतली. नंतर वाद. इन्स्पेक्शन कधी करायचं?

मी म्हणते, इसार देण्याआधी. धम्मदीप म्हणतो, इसार दिल्यावर. त्याचंही खोटं नाही. मागच्या फ्लॅटला आम्ही आधी इन्स्पेक्शन केलं आणि चार दिवसांत अर्सलानने तो दुसऱ्याला देऊन टाकला. पण इसार दिला की माणूस रिपोर्ट वाचत नाही, रिपोर्टातल्या दोषांना सबबी शोधतो. क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त तपासताना मी रोज बघते. ज्याचं लग्न ठरलेलं आहे तो आपला रिपोर्ट वेगळ्याच डोळ्यांनी वाचतो.

काही ठरलं नाही.

आज आई गेली त्याला तीन महिने झाले. तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला अडकला होता. भावाने फोन तिच्या उशाशी ठेवला होता आणि चाळीस मिनिटं मी नुसती ऐकत होते. या वहीत ते लिहायचं नाही असं ठरलंय. ही वही घराची.

१४ जानेवारी, मंगळवार

मापं घ्यायला पुन्हा गेलो. खालांनी वेळ दिली सव्वा वाजताची. जेवायच्या वेळेला कोण कोणाला बोलावतं? पण त्यांनी सांदणं करून ठेवली होती. महमूदभाईंचा फोटो दाखवला. शेवटची दोन वर्षं फुप्फुसाचं दुखणं होतं, घरातच ऑक्सिजन लावलेला.

आतल्या प्रत्येक दाराखाली कापडाची घट्ट घडी खोचलेली आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "दारं चुकार आहेत."

तीन वाजत आले तसं त्यांचं लक्ष उडालं. धम्मदीप टेप धरून गच्चीवर होता, त्याला खालूनच हाक मारली, "बाबा, आता निघा. मला जरा पडायचंय." फाटक लावतानाही आमच्याकडे बघत नव्हत्या, घराकडे बघत होत्या.

१८ जानेवारी, शनिवार

हे नीट लिहून ठेवते.

आज साडेचारची वेळ दिली होती. पण सकाळी मी आणि उपू त्याच बाजूला गेलो होतो आणि खालांना कबूल केलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीत होती, म्हणून साडेदहाला जाऊन थडकलो. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

आतली सगळी दारं उघडी होती. घड्या काढून कोपऱ्यात रचून ठेवलेल्या. फरशी दमट, ओल्या चुन्यासारखा वास. हॉलच्या मधोमध खाला खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीची ओढणी, डोळ्यांत सुरमा. समोर दुसरी खुर्ची रिकामी. मध्ये चहाचे दोन कप.

आणि आवाज होता. बारीक, पण होता. मोठ्या माणसाने तोंडाने घ्यावा तसा श्वास. आत. थांबणं. बाहेर.

उपूने मला ओढलं. "आई, हू इज स्लीपिंग?"

खाला दचकून उठल्या. आम्हाला दोघींना खांद्याला धरून बाहेर नेलं आणि फाटकाशी हळू आवाजात म्हणाल्या, "तुला साडेचारला बोलवलं होतं ना गो. आता घरात माणूस आहे."

साडेचारला धम्मदीपसोबत परत गेले. दारं बंद, घड्या जागेवर, फरशी कोरडी. खाला गोड बोलल्या. मी दोन्ही खोल्या, बाथरूम, गच्ची बघितली. माणूस नव्हता, माणसाचा बिछानाही नव्हता.

आवाज ओळखीचा वाटला. कुठे ऐकला ते आठवत नाही.

२० जानेवारी, सोमवार

धम्मदीपला सगळं सांगितलं. त्याला वाटतं खालांनी कोणाला तरी गुपचूप भाड्याने ठेवलंय. "भूत-बित आपण मानत नाही," तो म्हणाला. मी कुठे म्हटलं मानते? पण एक झालं, इन्स्पेक्शन इसाराआधी करायला तो तयार झाला. घरात दुसरा कोणी राहत असेल तर तेही कळेल.

वकार नावाचा सिव्हिल इंजिनिअर मिळाला, रायगडचा, मुरूडकडचा. फोनवर मराठीत बोलला. बरं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

इन्स्पेक्शन झालं. वकारला नमाजनंतर यायचं होतं. खालांनी ऐकलं नाही. सकाळी नऊ म्हणजे नऊ.

त्याने भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावलं, नळ सोडले, वायरिंग उघडून पाहिलं, लेव्हल लावली, फरशा ठोकून पाहिल्या. अडीच तास. खाला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. हॉलमधल्या मागच्या भिंतीपाशी तो ठोकायला वाकला तेव्हा म्हणाल्या, "हळू, बाबा." त्यालाही वाटलं असेल फरशीची काळजी.

२७ जानेवारी, सोमवार

एकतीस पानी रिपोर्ट. एक बाथरूमचा नळ, एक स्विचबोर्ड, गच्चीच्या एका कोपऱ्यात रंग निघालाय. बाकी सगळं ठीक. हॉलच्या दोन फरशा पोकळ वाजतात, खालचं सिमेंट सुटलं असावं, बदलून घ्याव्यात.

धम्मदीपने रिपोर्ट दोनदा वाचला आणि पेढे आणले. रविवारी, दोन तारखेला इसार. बाबांना फोन लावला. ते नुसते खाकरत राहिले. मग म्हणाले, "दाराले नाव कोणाचं लावशीन?" धम्मदीप म्हणाला, "तुमचं."

मलाही आनंद झालाय. झाला पाहिजे.

२९ जानेवारी, बुधवार

खालांना चार दिवस चक्कर येत होती. "घरी येऊन रगत काढशील का?" असं त्यांनी विचारलं होतं. आज क्लिनिक लवकर सुटलं म्हणून फोन न करता गेले. पावणेसात झाले होते.

बेल वाजवली नाही. आवाज फाटकापर्यंत येत होता.

खाला रात्रीच्या जेवणाला बसणाऱ्या बाईसारख्या निवांत होत्या. "ये. आलीच आहेस तर बस." हॉलमधलं एकेक दार आपोआप हळूहळू उघडत होतं, पूर्ण उघडलं की क्षणभर थांबत होतं, मग मागे येत होतं. सगळी दारं एकाच चालीने. पंखा बंद, खिडक्या बंद.

मी विचारलं, "कोण आहे खाला?"

"हे असतात."

त्यांनी माझा हात धरून मागच्या भिंतीपाशी खाली बसवलं, तळवा फरशीच्या सांध्यावर ठेवला. खालून गार हवा तळव्याला लागली. मग तीच हवा आत ओढली गेली, इतकी की तळवा चिकटल्यासारखा झाला. मध्ये एक बारीक अडखळ. मग परत.

"ऑक्सिजन होता तेव्हा असाच श्वास चालायचा," खाला म्हणाल्या. "गेले, आणि चौथ्या महिन्यात परत आले. दिवसातून दोनदा येतात. वेळ रोज थोडी पुढे जाते, पन चुकत नाहीत. ते असताना मी परकं माणूस घरात घेत नाही. त्यांना आवडायचं नाही, आजारपणात कोन बघायला आलेलं."

"झुबेरला माहीत आहे?"

"त्याला म्हटलं तर तो डॉक्टरला फोन करील."

मी घाबरले नाही, हे मला लिहायचंय. मी तासभर तिथे बसले. हात उचलला नाही. आठ वाजता आवाज मंदावत गेला, मग दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, मग मी पुढच्याची वाट बघत बसले आणि तो आला नाही.

खालांचं रक्त घ्यायचं मी विसरले. धम्मदीपला सांगितलं, ट्रॅफिक होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी लॅबमध्ये एका बाईंचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर नॉर्मल, जेवणानंतरची दोनशे ऐंशी. डॉक्टर त्यांना समजावत होते, "बाई, रक्त तेच आहे. आपण ते कधी घेतो याला महत्त्व."

मी स्लाइड तशीच ठेवली आणि एका कागदावर लिहून काढलं. खालांनी दिलेल्या वेळा: दहा तारखेला दहा. चौदाला सव्वाएक. अठराला साडेचार. चोवीसला सकाळी नऊ. त्याखाली, मी न विचारता गेले त्या वेळा: अठराला साडेदहा. एकोणतीसला पावणेसात. कागदाचा फोटो वकारला पाठवला, सोबत ऐकलेलं सगळं.

पाच मिनिटांत त्याचा फोन. "ताई, वरच्या सगळ्या ओहोटीच्या वेळा आहेत. खालच्या दोन भरतीच्या. मुरूडच्या माणसाला हे कोणी सांगायला लागू नये, आणि मी ओहोटीला जाऊन तुम्हाला चांगला रिपोर्ट दिला."

त्याचं म्हणणं असं. कालव्याची भिंत खाली कुठेतरी फुटली आहे. भरतीचं पाणी तिथून घराखाली शिरतं, उतरताना भरावाची वाळू घेऊन जातं. वर्षानुवर्षं. हॉलखाली पोकळी झाली असणार. पाणी चढलं की लाटेसरशी आतली हवा फरशीच्या सांध्यांतून, मोऱ्यांतून बाहेर येते आणि परत ओढली जाते. दारं तिनेच हलतात. पौर्णिमा-अमावास्येला जोर जास्त. २९ला अमावास्या होती.

"लादी किती दिवस टिकेल?"

"दहा वर्षं. नाहीतर एक संध्याकाळ. भरतीच्या वेळी बघितल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

सगळं पटलं. सगळं नीट जुळतं. तरी दिवसभर काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटत होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

इसार दिला नाही. अर्सलान चिडला. "भाभी, दूसरी पार्टी तैयार बैठी है, जुड़वाँ बच्चे हैं उनके, इन्स्पेक्शन का नाम भी नहीं लिया."

धम्मदीप म्हणतो, घर सोडून देऊ, खलास. दुसऱ्यांदा तपासणीचे पैसे कशाला? मी म्हटलं, कागद नसेल तर त्या जुळ्यांच्या आईबापांना कोण सांगणार? खालांना तिथून कोण हलवणार? माझ्या तोंडी बोलण्यावर झुबेर विश्वास ठेवील?

हे खरं आहे. मी खरं तेच बोलले.

तो माझ्यासमोर येऊन बसला. "अक्षता, मले एक सांग. तुले ते घर तपासाचं हाय, का तो आवाज आणखी एकदा आयकाचा हाय?"

मी भांडी घासायला उठले.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघ पौर्णिमा

वकार सहाला आला, सोबत मी आणि धम्मदीप. खालांना मी सकाळी फोनवर सांगितलं होतं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. दार उघडून बाजूला झाल्या. आज कप एकच होता.

साडेसहाला सुरू झालं. धम्मदीप पहिल्यांदाच ऐकत होता. तो रोज सित्र्याच्या रिफायनरीत प्रेशर गेज वाचणारा माणूस, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने माझं मनगट पकडलं. वकारने मोरीच्या जाळीवर पातळ प्लास्टिक टाकलं. ते फुगलं, बसलं, फुगलं. खाली दिवा लावलेला कॅमेरा सोडला आणि मोबाइलवर दाखवलं. हॉलच्या लादीखाली माती नव्हतीच. काळं पाणी, त्यावर दिव्याचा डाग, आणि पाणी वर-खाली होत होतं.

मग तो मागच्या भिंतीपाशी गेला. खाला म्हणाल्या, "तिथं नको." तो थांबला, पण पाय टाकून झाला होता. मोठा आवाज झाला नाही. बिस्किट मोडावं तेवढाच. एक फरशी खाली गेली आणि त्याचा पाय मांडीपर्यंत आत. धम्मदीपने काखेत हात घालून त्याला ओढलं. बूट खालीच राहिला. पायातून रक्त येत होतं, मी तिथेच पट्टी बांधली.

भोकातून आता आवाज मोकळा येत होता. अडखळ नव्हती. श्वासासारखा राहिला नव्हता, नुसतं पाणी.

खाला भोकापाशी खाली बसल्या. वकारला लागलंय हे त्यांनी बघितलंही नाही. आत वाकून विचारलं, "तुम्हाला लागलं काय हो?"

 

१५ फेब्रुवारी, शनिवार

रिपोर्ट झुबेरला पाठवला. त्याने लगेच विक्री थांबवली, आईचं तिकीट काढलं. जुळ्यांच्या पार्टीला मी स्वतः फोन केला. अर्सलान आता माझा फोन उचलत नाही.

खालांना आमच्याकडे ईसा टाउनला आणलंय. तिकिटापर्यंत आठवडाभर राहतील. धम्मदीपने त्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन तीन मजले चढवली. वाटेत गाडीत त्या मला म्हणाल्या, "मी तुला दार उघडलं गो. तू कागद केलास."

 कागद केला म्हणूनच त्या जिवंत राहतील, हे त्यांना सांगून काय उपयोग.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खाला उपूला कोकणीत गोष्टी सांगतात, उपू इंग्रजीत प्रश्न विचारते, दोघींचं जमतं. पण बोलता बोलता खाला मध्येच थांबतात. मी घड्याळ बघायचं टाळते. वेळ मला माहीत असते.

आज त्यांनी अचानक विचारलं, "तुझी आई कधी गेली?" मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "त्या दिवशी तू ज्या तऱ्हेने हात ठेवून बसलीस, त्यावरनं."

२२ फेब्रुवारी, शनिवार

खाला गेल्या. विमानतळावर मला जवळ घेतलं. घराची चावी दिली, रोजे संपायच्या आत घराखालची पोकळी सिमेंटने भरायला येणाऱ्यांना द्यायची.

१० मार्च, सोमवार

कॅल्गरीहून फोन. बर्फ पडतोय, नातवंडं चांगली आहेत, झुबेरने रोज्यासाठी खजूर आणून ठेवलेत. मग आवाज लहान झाला. "इथं समुद्रच नाही गो. किती लांबपर्यंत नाही."

मी ऐकत राहिले.

"सिमेंट कधी ओतणार?"

"रविवारी."

"त्याआधी एकदा जाशील? वेळेला? माझा सलाम सांग. इतकंच. अचानक बंद झालं असं त्यांना वाटू नये."

आपण असलं काही मानत नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. म्हटलं, "जाईन."

१४ मार्च, शुक्रवार, पौर्णिमा

धम्मदीपला सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने गाडीची किल्ली घेतली. "आत जाशीन तर भिंतीच्या कडेकडेनं चाल. मधात पाय देऊ नको. मी फाटकाशी हावो."

इफ्तारची वेळ होऊन गेली होती, रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. घरात सामान नाही, दारं काढून नेलीत. भोकावर प्लायवूडची फळी आणि त्यावर दोन विटा. मी भिंतीशी पाय दुमडून बसले. सहा चाळीसला पाणी आलं.

फळी होती म्हणून असेल, आवाज पुन्हा पहिल्यासारखा दबका झाला होता. आत, थांबणं, ती बारीक अडखळ, बाहेर.

मी मोठ्याने म्हटलं, "बिल्किसखालांनी सलाम सांगितलाय. त्या मुलाकडे पोचल्या. बऱ्या आहेत." रिकाम्या घरात माझाच आवाज मला परका वाटला.

काम झालं होतं. उठायचं होतं.

मग मी फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आई, मी फोनवरच होते, तुझा श्वास ऐकत. तू ऐकत होतीस की नाही मला माहीत नाही, पण मी ठेवला नव्हता." आणि मग काय काय सांगत गेले. उपूची परीक्षा संपली. घर घ्यायचं राहिलं. बाबांना धम्मदीपने अजून सांगितलेलं नाही. तू दिलेली लोणच्याची बरणी मी उघडलेली नाही. वकारने समजावलेलं सगळं मला पाठ आहे, भिंत कुठे फुटली, हवा कशी येते. बोलताना मी प्रत्येक श्वासापाशी थांबत होते, तिला मध्येच तोडायला नको म्हणून.

आठच्या सुमाराला अंतर वाढायला लागलं. या वेळी मी शेवटच्याला मोजत बसले नाही. तो गेल्यावरही थोडी बसले.

बाहेर धम्मदीप गाडीला टेकून उभा होता. मी बसल्यावर त्याने गाडी सुरू केली. निम्म्या रस्त्यात म्हणाला, "झालं का सांगून?"

मी म्हटलं, "झालं."